इलेक्ट्रिक गाडी वर्कशॉपमध्ये अडकून पडली, तर

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे : ‘चौदा महिन्यांपूर्वी सतरा लाखांना घेतलेली माझी इलेक्ट्रिक गाडी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ बंद पडली. आधी पडद्यावर इशारा आला, मग वेग कमी होत गेला आणि गाडी थांबली. त्यापूर्वी दोनदा असेच झाले होते आणि दोन्ही वेळा ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ असे सांगून गाडी परत दिली गेली. या खेपेला ती तेवीस दिवस डीलरकडे उभी आहे. आधी बारा व्होल्टची बॅटरी म्हणाले, मग चार्जर युनिट म्हणाले, आता फक्त ‘पार्ट मागवला आहे’ असे उत्तर मिळते. मोठी बॅटरी गेली असेल का? गाडी लवकर कशी मिळेल? पैसे परत मागता येतील का?’

मी सव्वीस वर्षे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यांतील शेवटची सात वर्षे डीलरच्या इलेक्ट्रिक विभागात गेली आणि आता मी गाडीमालकांच्या बाजूने तपासणी करून देतो. दोन्ही बाजूंनी काउंटर पाहिल्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इलेक्ट्रिक गाडीची दुरुस्ती रखडते ती पाना फिरवायला माणूस नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ती रखडते कारण निदानाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नाही. त्यामुळे सर्व्हिस ॲडव्हायझरवर रोज आवाज चढवण्यापेक्षा तो कागद कुठे अडला आहे हे शोधण्यात तुमची शक्ती घालवलेली बरी.

मोठी बॅटरी गेली असण्याची शक्यता मला कमी वाटते, आणि त्याचे कारण तुमच्याच वर्णनात आहे. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. चाके फिरवणारी मोठी बॅटरी साधारण तीनशे ते चारशे व्होल्टची असते, काही गाड्यांत त्याहूनही अधिक. पण गाडीतील सगळे संगणक, कुलपे, पडदा आणि मोठ्या बॅटरीची जोडणी चालू-बंद करणारे काँटॅक्टर हे सर्व जुन्या ओळखीच्या बारा व्होल्टवर चालतात. बारा व्होल्टची बॅटरी उतरली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी दगडासारखी बसते. पेट्रोल गाडीत ही छोटी बॅटरी अल्टरनेटर भरतो. इथे ते काम मोठ्या बॅटरीकडून वीज घेऊन ती बारा व्होल्टला आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. तो कन्व्हर्टर निकामी झाला, तर गाडी काही मिनिटे छोट्या बॅटरीच्या शिलकीवर चालते, इशारा देते, वेग कमी करते आणि थांबते. विक्रोळीला जे घडले ते याच्याशी तंतोतंत जुळते.

अनेक मॉडेलांत हा कन्व्हर्टर आणि घरी चार्ज करताना वापरला जाणारा ऑन-बोर्ड चार्जर एकाच डब्यात बसवलेले असतात. म्हणून ‘आधी बारा व्होल्टची बॅटरी, मग चार्जर युनिट’ या बदललेल्या उत्तरांत तुम्हाला टोलवाटोलवी दिसत असली, तरी मला त्यात निदानाचा स्वाभाविक क्रम दिसतो. तक्रार करायचीच असेल तर ती वेगळी आहे : हा क्रम पहिल्याच खेपेला पूर्ण व्हायला हवा होता. नुसती बॅटरी बदलली किंवा सॉफ्टवेअर चढवले, की आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. या भागाचा दोष दुर्मीळही नाही. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात विकलेल्या १,७४४ आयोनिक ५ गाड्या नेमक्या अशाच एकत्रित चार्जिंग युनिटच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, कारण त्या युनिटमधील बिघाडाने बारा व्होल्टची बॅटरी उतरू शकत होती. तुमची गाडी कोणत्या कंपनीची आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, तेव्हा चासी क्रमांक देऊन तिच्यावर असा काही रिकॉल किंवा ‘सर्व्हिस कॅम्पेन’ बाकी आहे का, हे कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले आणि त्यामुळे सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण व्यवहारात बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहून जाहीर करतात, आणि डीलरच्या काउंटरवरच्या मुलाला ते ठाऊक असेलच असे नाही.

दुसरी शक्यता पावसाची आहे आणि जुलै महिना पाहता ती सोडून देता येत नाही. उच्च दाबाच्या, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज वाहणाऱ्या, वायरींचे इन्सुलेशन गाडी स्वतः सतत मोजत असते. एकदिश प्रवाहाच्या (डीसी) मंडलात ते दर व्होल्टला किमान १०० ओहम असावे, असा सुरक्षेचा दंडक आहे. एखाद्या जोडणीत, एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये किंवा हीटरमध्ये ओल शिरली की हा आकडा घसरतो, मग गाडी इशारा देते आणि एकदा बंद केली की पुन्हा सुरू व्हायला नकार देते. हा दोष अत्यंत लहरी असतो. गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे चारही चाके उचलून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून, वर्कशॉपमध्ये येते, दोन दिवस छपराखाली कोरडी होते, तंत्रज्ञ मोजतो तेव्हा सगळे आकडे उत्तम येतात आणि जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-कामाच्या नोंदीवर, ‘दोष आढळला नाही’ असे लिहून गाडी परत जाते. मुंबईच्या पावसात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, कोरड्या गाडीवर घेतलेल्या मापावर माझा विश्वास उरलेला नाही. तुमच्या आधीच्या दोन घटना पावसात घडल्या की कोरड्या दिवशी, हे आठवून लिहून द्या. ही एक ओळ तंत्रज्ञाचा आठवडा वाचवू शकते.

याच ओघात एक खुलासा, कारण हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. चार्जचा आकडा बारा टक्क्यांवरून एकदम तीनवर आला म्हणजे मोठी बॅटरी गेली, असे नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत चार्ज कमी होत असताना व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे रोज अर्धवट चार्ज करणाऱ्याच्या गाडीत संगणकाचा अंदाज हळूहळू चुकत जातो. अशा गाडीच्या पुस्तिकेत अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज करायला सांगितलेले असते, ते याचसाठी. तसेच घरी चार्जिंग मध्येच तुटत असेल, तर गाडीला दोष देण्याआधी इमारतीचे अर्थिंग तपासून घ्या. जुन्या सोसायट्यांत पार्किंगपर्यंत ओढलेल्या वायरीचे अर्थिंग कागदावरच असते.

आता तेवीस दिवस कशात गेले, ते पाहू. उच्च दाबावर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ डीलरकडे मोजकेच असतात आणि त्यांच्याशिवाय इतरांनी उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नसतो. तरीही प्रत्यक्ष कामाला वेळ लागत नाही. चार्जर युनिट बदलणे, त्यातील शीतक पुन्हा भरणे आणि सॉफ्टवेअर जुळवणे हे सगळे मिळून दीड-दोन दिवसांचे काम आहे. बाकीचे दिवस जातात ते असे : डीलर गाडीतील नोंदी काढतो आणि कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे प्रकरण उघडतो. तिथून आणखी दोन मापे घेऊन पाठवा, असा निरोप येतो. ती मापे पाठवली की वॉरंटीची मंजुरी लागते. मंजुरी मिळाल्यावरच पार्टची ऑर्डर पडते. यात एखादी सुट्टी आली किंवा तो तंत्रज्ञ रजेवर गेला, की आठवडा गेलाच. वॉरंटीच्या कामासाठी कंपनी डीलरला जो मजुरीचा दर देते, तो ग्राहकाकडून मिळणाऱ्या दरापेक्षा बहुधा कमी असतो, त्यामुळे अपघाताची विमा-दुरुस्ती पुढे आणि तुमची गाडी मागे, असे घडते. कोणी कबूल करणार नाही, पण मी घडताना पाहिले आहे.

माझ्याच हाताखाली एक गाडी एकतीस दिवस उभी राहिली होती. पार्टची टंचाई अजिबात नव्हती. आमच्या एका नवख्या मुलाने नोंदी उतरवून घेण्याआधीच दोषाचे कोड पुसून टाकले आणि कंपनी पुन्हा पुन्हा तेच कोड मागत राहिली. दोष परत उमटेपर्यंत आम्ही ती गाडी रोज घाटकोपरपर्यंत फिरवत होतो. मालकांना मात्र आम्ही ‘पार्ट यायचा आहे’ असेच सांगत होतो. तो निरोप माझ्या संमतीने जात असे, हे आज लिहिताना बरे वाटत नाही. पण त्यामुळेच ‘पार्ट मागवला आहे’ हे वाक्य ऐकले की मी पहिल्यांदा ऑर्डर क्रमांक विचारतो.

तुम्हीही तेच विचारा, आणि फोनवर नव्हे, ईमेलने. तो डीलरच्या सर्व्हिस व्यवस्थापकाला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच वेळी जायला हवा. त्यात विचारायचे मुद्दे थोडेच आहेत : गाडीत कोणते दोष-कोड मिळाले, कंपनीकडे तांत्रिक प्रकरण कोणत्या तारखेला उघडले आणि त्याचा क्रमांक काय, कोणता पार्ट मागवला, त्याचा पार्ट क्रमांक व ऑर्डरची तारीख कोणती, आणि तो कोणत्या तारखेला अपेक्षित आहे. उत्तरासाठी तीन कामाचे दिवस द्या. पार्टची खरोखर ऑर्डर पडलेली असेल, तर ही माहिती काढायला दहा मिनिटे पुरतात. उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले, तर पार्टची ऑर्डर बहुधा पडलेलीच नाही आणि प्रकरण अजून निदानावर अडलेले आहे, असे समजून कंपनीच्या विभागीय सर्व्हिस व्यवस्थापकाने स्वतः गाडी पाहावी अशी लेखी मागणी करा. कंपनीचा माणूस गाडीपाशी उभा राहिला, की आठवडाभराची ईमेलबाजी एका दुपारी संपते.

जॉब कार्डाकडे बहुतेक मालक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तीच आहे. तुमच्या आधीच्या दोन्ही जॉब कार्डांवर तक्रारीच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते काढून पाहा. तिथे ‘सॉफ्टवेअर अपडेट’ किंवा ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढेच असेल, तर कागदोपत्री तुमची गाडी यापूर्वी कधी बंदच पडलेली नाही. गाडी देताना ‘गाडी बंद पडते’ असे मोघम न लिहिता ‘ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असताना, चार्ज ५४ टक्के असताना, पावसात, बारा व्होल्टचा इशारा आला, दोन मिनिटांत वेग कमी झाला आणि गाडी पूर्ण थांबली’ असे लिहून घ्यावे. ॲडव्हायझर टॅबवर ठरावीक पर्यायांतून एक निवडून पुढे जाऊ पाहतो. त्याला तिथेच थांबवून शेरा टाकायला लावावा. पूर्वीच्या कार्डांवर हे नसेल, तर आता तारखांसह ईमेलमध्ये लिहा आणि त्या दिवसांचे टोइंगचे संदेश, फोनमधील फोटो, अगदी त्या वेळी घरी पाठवलेले व्हॉट्सॲपचे निरोपही जोडा. काम फुकट झाले तरी शून्य रुपयांचे बिल मागून घ्या. त्यावर गाडी किती दिवस आत होती, हे दिसते.

गाडी उभी असतानाही तिची काळजी घ्यावी लागते आणि ती डीलर आपणहून घेईल असे गृहीत धरू नका. मोठी बॅटरी तीन-चार टक्क्यांवर महिनाभर ठेवणे तिला घातक असते, म्हणून ती साधारण अर्धी भरलेली ठेवावी असे लिहून कळवा. चार्जर युनिटच बिघडले असल्याने घरच्यासारख्या साध्या एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) चार्जरवर ती भरणार नाही, पण डीसी फास्ट चार्जर या युनिटला वळसा घालून थेट बॅटरी भरतो. अर्थात कन्व्हर्टर बंद असेल तर तेवढा वेळ बारा व्होल्टला बाहेरून आधार द्यावा लागेल, आणि हे काम तंत्रज्ञाचे आहे. गाडी उघड्यावर उभी असेल तर छपराखाली घ्यायला सांगा. पावसाळ्यात उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. एकदा स्वतः जाऊन ओडोमीटर, चार्जचा आकडा आणि बॉडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. रागाच्या भरात हप्ते थांबवू नका, कारण बँकेचा आणि तुमचा करार डीलरच्या दिरंगाईशी बांधलेला नसतो. विमाही चालू ठेवा.

बदली गाडीचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. मात्र रस्त्यावरील मदतीच्या योजनेत किंवा वाढीव वॉरंटीच्या अटींत टॅक्सीभाडे किंवा बदली गाडीची तरतूद कधी कधी असते, ती वाचून पाहा. नसली तरी मागा. तेवीस दिवस झालेल्या ग्राहकाला डेमो गाडी देणारे डीलर मी पाहिले आहेत, पण न मागणाऱ्याला ती मिळालेली पाहिली नाही. मुलुंडहून कामावर जाण्याच्या रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या आजपासून जपा.

पैसे परत मिळण्याबाबत मी तुम्हाला उगाच आशा लावणार नाही. काही देशांत वारंवार बिघडणारी नवी गाडी ठरावीक प्रयत्नांनंतर बदलून देण्याचा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा. वॉरंटीत पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याचीच हमी असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात घेतली होती. म्हणजे गाडी मुळातच सदोष असून दुरुस्तीने सुधारण्यापलीकडे गेली आहे, हे तुम्हाला तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावे लागेल. एका युनिटच्या बिघाडावर ते सिद्ध होणे कठीण आहे. याउलट सेवेतील त्रुटी सिद्ध करणे तुमच्या बाबतीत सोपे आहे : एकच दोष तीनदा, आणि तिसऱ्यांदा तीन आठवडे. म्हणून ठरावीक मुदतीत दुरुस्ती, गाडी आत असलेल्या दिवसांइतकी वॉरंटीत वाढ, प्रवासखर्च आणि भरपाई, या मागण्या आधी ठेवा आणि परताव्याची मागणी पर्यायी म्हणून शेवटी ठेवा.

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. ती आदेश देऊ शकत नाही, पण तुमची तक्रार कंपनीच्या अशा विभागाकडे पोहोचवते जिथे ती मोजली जाते, आणि कित्येकदा तेवढ्याने गाडी हलते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालते, दहा ते वीस लाखांच्या टप्प्यातील शुल्क ४०० रुपये आहे आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे डीलर ठाण्यात असला तरी तुम्हाला तिकडे खेटे घालायला नकोत. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. टाटा मोटर्सच्या गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, दोघांचा संबंध स्वतंत्र व्यापाऱ्यांचा असेल तर डीलरच्या कृत्यासाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही; तेव्हा कंपनीला दिरंगाई ठाऊक होती हे दाखवणारे ईमेल तुमच्याजवळ असणे फार महत्त्वाचे ठरते. मसुदा करण्यासाठी १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचे मार्गदर्शन घेता येईल. वेळ मात्र लागेल. कायद्यात तीन ते पाच महिन्यांचे उद्दिष्ट आहे, पण प्रत्यक्षात त्याहून बराच काळ जातो.

गाडी तयार झाल्याचा फोन आला, की संध्याकाळी सात वाजता घाईने जाऊन सही करू नका. सकाळी जा. कोणता पार्ट बदलला, त्याचा अनुक्रमांक काय, त्यावर वेगळी वॉरंटी आहे की मूळ वॉरंटीचाच उरलेला काळ आहे, हे बिलावर लिहून घ्या. तंत्रज्ञाला शेजारी बसवून वातानुकूलन चालू ठेवून घोडबंदर रस्त्यापर्यंत फेरी मारा आणि तिथेच एकदा एसी चार्जरवर, एकदा डीसी चार्जरवर गाडी जोडून दोन्हीकडे चार्ज होतो का ते पाहा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर गाडी चालू असताना साधारण साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसायला हवेत. एवढे माप कोणीही दोन मिनिटांत दाखवू शकतो. अनेकदा पूर्ण उतरलेली ती बॅटरी नवीन युनिटबरोबर बदलूनच मागा, नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा तिथेच याल. ‘पूर्ण समाधान झाले’ या छापील ओळीखाली सही करायची असेल, तर ‘दोष पुन्हा उद्भवल्यास हक्क राखून’ असे हाताने लिहा. आणि जर मोटरच बदलली गेली असेल, तर तिचा क्रमांक आरसीवर असतो, म्हणून डीलरचे पत्र घेऊन आरटीओत आणि विमा कंपनीकडे नोंद बदलून घ्यावी लागते. हे काम डीलर विसरतात आणि पुढे गाडी विकताना मालक अडकतो.

पुन्हा तसा इशारा आलाच, तर डावीकडे घेऊन सुरक्षित जागी थांबा, गाडी बंद करण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढा आणि दोरी लावून ओढायला कोणालाही देऊ नका. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरली की मोटर वीज निर्माण करते आणि नवा बिघाड ओढवतो, म्हणून फ्लॅटबेडच मागवा. सोसायटीच्या तळघरात बंद पडली तर फ्लॅटबेड आत उतरत नाही. तेव्हा चाकांखाली ट्रॉली लावून वर आणावे लागेल, हे मदतीच्या क्रमांकावर आधीच सांगा. दरम्यान डीलरकडून तिन्ही खेपांचे दोष-कोड मिळाले की मला कळवा. तिन्ही वेळा तोच कोड असेल तर वर लिहिलेल्यापेक्षा कडक भाषेत पत्र लिहिता येईल, आणि कोड वेगवेगळे असतील तर ते चार्जर युनिट बसवण्याआधी कंपनीच्या माणसाला थांबवायला हवे.